बाबांची बोट, आईची क्रूझ

'लाँग वीकेण्डला काय?' हा आमच्या लोअर परळच्या ऑफिसातला राष्ट्रीय प्रश्न आहे. कुणाचं बाली, कुणाचं व्हिएतनाम, कुणाचं नुसतंच 'डिटॉक्स'. २०२५ च्या जानेवारीत मी 'आईबाबांना घेऊन क्रूझवर' असं उत्तर दिलं तेव्हा लंच टेबलवर दोन सेकंद शांतता पसरली. मग एकजण म्हणाली, 'सो स्वीट!' आता 'सो स्वीट' म्हणजे 'जाम बोअर होणारेस तू' हे न कळायला आपण काय लहान आहोत?

क्रूझची आयडिया खरं तर बाबांची. त्यांच्या तोंडी तो शब्द नाही, ते 'बोट'च म्हणतात. बेस्टमधून रिटायर झाल्यापासून त्यांचं एकच टुमणं होतं, 'एकदा बोटीने जायचंय.' कुठे, हे महत्त्वाचं नाही. बोटीने. आईबाबांच्या लग्नाचं पंचेचाळिसावं वर्ष चालू होतं, माझा बोनस आला होता, आणि तिघांचं मिळून पॅकेज माझ्या एका महिन्याच्या इनहॅण्डपेक्षा थोडंच जास्त होतं. बुक करून टाकलं. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री, बिनखिडकीची इंटिरिअर केबिन. खिडकीवाली घेतली असती तर ऑगस्टपर्यंत डबा खावा लागला असता.

बाबांचं हे बोटीचं वेड लालबाग-परळात राहणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. अर्धं गिरणगाव बोटीने आलंय. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा एकेका बंदरातून माणसं उचलायची आणि भाऊच्या धक्क्यावर आणून सोडायची, हे आगबोटींचं काम. तिथून ट्रंक डोक्यावर घेऊन माणूस थेट गिरणीच्या खात्यात किंवा गाववाल्यांच्या खोलीवर. आमचे आजोबा असेच मालवणहून आले. पावसाळ्यात बोट बंद. गणपती पावसाळ्यातच, त्यामुळे तेव्हा घाटातून लाल डब्याने हाडं खिळखिळी करत जायचं, आणि मेमध्ये मात्र बोट. आमच्या बाबांची सगळी लहानपणं, म्हणजे ते सांगतात ती सगळी, त्या डेकवर घडलेली आहेत. पुढे रस्ते सुधारले, बोटी बंद पडल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि चाकरमानी बोट विसरला. बाबा सोडून.

मधल्या काळात मुंबईला क्रूझचे झटके अधूनमधून येत राहिले. २००० च्या दशकाच्या मध्यात 'सुपरस्टार लिब्रा' यायची, तेव्हा पेपरात पानभर फोटो असायचे. २०१६ मध्ये कोस्टा कंपनीचं जहाज मुंबईहून मालदीवच्या दिशेने सुटायला लागलं. २०१८ च्या ऑक्टोबरात कान्होजींचं नाव घेऊन 'आंग्रिया' निघाली, मुंबई-गोवा, आणि बाबांनी कात्रण कापून ठेवलं. ती काही फार वर्षं चालली नाही. मग २०२१ च्या सप्टेंबरमध्ये कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' आली. हिचा पूर्वेतिहास बाबांना आमच्या वंशावळीपेक्षा जास्त पाठ आहे: फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत बांधली, १९९० पासून समुद्रात, आधी नाव 'नॉर्डिक एम्प्रेस', मग 'एम्प्रेस ऑफ द सीज', आता आपली. म्हणजे वयाने साधारण माझ्याएवढीच. लांबी दोनशे मीटरच्या वर, अकरा डेक. 'अकरा मजलेच?' आमच्या सतराव्या मजल्यावरच्या वन बीएचकेच्या खिडकीतून खाली बघत आई म्हणाली.

आता आईबद्दल. आई लालबागचीच, माहेर दोन गल्ल्या सोडून. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होती. त्यामुळे जन्मभर तिने एक वाक्य ऐकलं, 'तुला काय बाई, सुट्ट्याच सुट्ट्या!' त्या सुट्ट्यांचं काय व्हायचं ते मी बघितलेलं आहे. आमच्याकडे सुट्टी म्हणजे गाव. आणि गाव म्हणजे दादरला पहाटे गाडी पकडायची, कुडाळला उतरायचं, घरी पोचल्यावर साडी खोचायची आणि रांधायला लागायचं. मेमध्ये पंधरा माणसं, गणपतीत चोवीस. पहाटे साडेचारला चूल. सकाळची पेज, दहा वाजता चहा, दुपारचं जेवण, मग आंबोशी, मग साटं, मग पुन्हा चहा, मग रात्रीचं. काकू आणि आई दोघी मिळून. बाबा आणि काका पडवीत बसून म्हणायचे, 'इथे आलं की कसं मोकळं वाटतं!' पुरुषांना गाव आठवतं तेव्हा पडवी आठवते, हे माझं खूप दिवसांचं निरीक्षण आहे. पडवीपर्यंत धूर येत नाही.

असो. निघायच्या आदल्या रात्री आईने मेथीचे लाडू, थालीपिठं आणि चिवडा गल्लीतला अर्धा किलो चिवडा बांधून ठेवला. मी म्हटलं, अगं, बाहेरचं खाणं बोटीवर नेता येत नाही. 'म्हणजे त्यांचंच खायचं? चारही दिवस?' तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तेव्हा भीती वाटलं. टॅक्सी पी. डिमेलो रोडला लागली तसे बाबा भाऊच्या धक्क्याच्या दिशेने बोट दाखवून 'आमची तिथून सुटायची' सुरू झाले, आणि आईने पिशवी पुढे करून टॅक्सीवाल्याला लाडू दिले. सगळे. तो बिचारा उतरताना पाया पडला.

बॅलार्ड पिअरला सामान दिलं, पासपोर्टसारखा चेहरा करून फोटो काढून घेतले, कार्ड मिळालं. ते कार्ड म्हणजेच चावी, तेच पाकीट. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी घाईघाईत: जेवण पॅकेजमध्ये, ड्रिंक्सचे वेगळे पैसे. किनारा सुटला की थोड्या वेळाने मोबाइलची रेंज जाते, वायफाय विकत. म्हणजे बॉसला खरंच सांगता येतं की मी रेंजमध्ये नाही. या एका गोष्टीसाठी मी परत जाईन.

सुटायच्या आधी 'मस्टर ड्रिल' असतं. धोका झाला तर कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं. 'मस्टर' शब्द ऐकताच बाबा आणि शेजारचे एक डिलाईल रोडचे काका एकमेकांकडे बघून हसले. गिरणगावात मस्टर म्हणजे हजेरी. 'खाडा पडायला नको,' काका म्हणाले. आई मात्र सगळं लक्षपूर्वक ऐकत होती. शिट्टी कुठे आहे, पट्टा कुठून ओढायचा. कारण तिच्या आईने, माझ्या गिरगावच्या पणजीच्या मुलीने, 'बोट' शब्दाला घरात कधी फार जागा दिली नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' वादळी पावसात बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. तिच्या ओळखीतले लोक त्यात होते. १९८० च्या मेमध्ये लग्न होऊन आई सासरी मालवणला निघाली ती बोटीनेच. तेव्हा आजीने तिला धक्क्यावर सोडायला यायला नकार दिला होता. हे मला आत्तापर्यंत माहीत नव्हतं. लाइफ जॅकेट घालून उभी असताना, मोठ्याने, भोंगा वाजत असताना आईने सांगितलं.

संध्याकाळी जहाज हललं. हललं हे कळलंच नाही, मुंबईच मागे सरकायला लागली. वरच्या डेकवर डीजे, पोरांचे 'टायटॅनिक' पोझमधले फोटो, आणि एका कोपऱ्यात आम्ही तिघं कठड्याला टेकून. कुलाबा, मग प्रॉन्ग्सचा दीपस्तंभ, मग नुसतं काळं होत जाणारं पाणी. बाबांची टेप लागली. डेकवर वळकट्या पसरायच्या. रात्री भजन, कुणाची तरी पेटी. पहाटे खलाशी ओरडायचा, मालवण इला! बोट लांब उभी राहायची, कारण किनाऱ्याजवळ खडक. मग पडाव यायचे, लाटेबरोबर पडाव वर आला की उडी मारायची. 'काय मजा होती! ही कसली बोट, ही हलतसुद्धा नाही.'

'मला बोट लागली होती,' आई म्हणाली.

'हो, थोडी...'

'थोडी नाही. रात्रभर. माझ्या एका बाजूला तुमच्या मावशींच्या कोंबड्या, दुसऱ्या बाजूला डिझेलचा वास. नवी साडी होती. संडासला रांग, आणि तुम्ही तिकडे भजनात. पहाटे तुमच्या आईंनी विचारलं, चहा करता येतो ना? बोटीवर! आणि त्या पडावात मी उडी नव्हती मारली. मला फेकलं होतं.'

मी एवढी हसले की माझ्या हातातलं मॉकटेल सांडलं. बाबाही हसले, पण जरा उशिरा. पंचेचाळीस वर्षं ही गोष्ट आमच्या घरात सांगितली जातेय, आणि त्यात आईचा डायलॉग पहिल्यांदाच आला.

बाबांनी एक प्लॅन केला होता. मोबाइलला रेंज नसली तरी जीपीएस चालतं, त्यामुळे आधी डाउनलोड करून ठेवलेल्या नकाशावर आपला निळा ठिपका दिसत राहतो. हे त्यांना मीच शिकवलेलं. हिशेब करून त्यांनी काढलं होतं की पहाटे सहाच्या सुमाराला आपण मालवणच्या समोरून जाणार. त्या वेळी तिघांनी डेकवर उभं राहायचं. साडेपाचला त्यांनी मला हलवलं. बिनखिडकीच्या केबिनमध्ये इतका काळोख असतो की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळत नाही. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. बाबांनी तिच्या खांद्याकडे हात नेला, तो तसाच राहिला, आणि मग मागे घेतला. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर म्हणाले, 'झोपू दे.'

डेकवर गार वारा. ठिपका बरोब्बर मालवणच्या समोर. लांब एक दिव्यांची ओळ दिसली आणि बाबा कठड्यावर एवढे ओणवे झाले की मी त्यांचं स्वेटर धरलं. 'मालवण!' थोड्या वेळाने ते दिवे एकेक करून इकडेतिकडे जायला लागले. ट्रॉलर होते, मच्छीमारांचे. किनारा दिसतच नव्हता. जहाज काही तिथे थांबणार नव्हतं, वेग कमी करणार नव्हतं, भोंगा वाजवणार नव्हतं. आमचं गाव, त्यातलं घर, घरातली चूल, सगळं डाव्या हाताला अंधारात होतं आणि आम्ही शेजारून निघून चाललो होतो. बाबा ठिपका मालवणच्या खाली सरकेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, 'ती कधी उठते ग गावाला?' मी म्हटलं, साडेचारला. 'रोज?' 'रोज.' त्यावर काही बोलले नाहीत. आम्ही चहा घ्यायला गेलो.

आई सव्वानऊला उठली. तिने घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं, मला विचारलं, 'बंद पडलंय का?' मग, 'चहा कोणी केला?'

पुढचा दीड दिवस मी आईला सुट्टी घ्यायला शिकताना बघितलं. सोपं नसतं ते. पहिल्यांदा तिने तिन्ही बेड लावले, चादरीच्या कोपऱ्यांना घड्या घालून. केबिन साफ करायला आलेला मुलगा वेंगुर्ल्याचा निघाला. तो दारातच थबकला. 'काकी, तुम्हीच सगळा केल्यात तर माका पगार कोण देतलो?' आई ओशाळून म्हणाली, 'हाताक सवय आसा रे.' बुफेमध्ये तिने आधी लोकांच्या उष्ट्या प्लेट्स उचलल्या. मग तिथल्या माणसाने हसून काढून घेतल्या तेव्हा हात कुठे ठेवायचे ते तिला सुचेना. गोवा आलं, मुरगाव बंदर. उतरायचं का? 'मी गोवा बघितलाय,' आई म्हणाली, 'तुम्ही जा.' बाबा आणि मी वास्कोला जाऊन मासळीचं जेवण जेवून आलो. आलो तेव्हा आई डेकवरच्या खुर्चीत, पाय वर घेऊन, चपला बाजूला. पुस्तक नाही, विणकाम नाही, फोन नाही. 'काय केलंस?' 'काही नाही.' आणि हे तिने असं सांगितलं, जसं आपण 'प्रमोशन झालं' सांगतो.

परतीच्या प्रवासात वारा सुटला आणि जहाजाला हलकासा डोल आला. 'मला जन्मात बोट लागली नाही' म्हणणारे आमचे बाबा केबिनमध्ये डोळे मिटून आडवे. कुणीतरी हिरवं सफरचंद खा सांगितलं, कुणी आलं. मी आईला शोधत वर गेले. ती हॉलमध्ये हौजीचं तिकीट घेऊन बसली होती, एक ओळ झालेली. मी सांगितलं. ती म्हणाली, 'अ‍ॅव्होमिन माझ्या पर्सच्या चेनमध्ये आहे. तू बघ जरा.' आणि पुन्हा नंबर ऐकायला लागली. लाइन मिळाली तिला. बक्षीस एक टोपी, ती अजून घालते.

शेवटच्या रात्री तो वेंगुर्ल्याचा मुलगा टॉवेल ठेवायला आला तेव्हा आईने त्याची सगळी चौकशी केली. किती महिने सलग काम, घरी कधी जातो. तो म्हणाला, कॉन्ट्रॅक्ट संपलं की दोन महिने घरी. 'मगे काय करतस?' 'काय नाय काकी. आवशीच्या हातचा जेवतंय, आणि झोपतंय.' तो गेल्यावर आई बॅग भरता भरता म्हणाली, 'म्हणजे त्याची सुट्टी सुरू झाली की त्याच्या आईची ड्युटी सुरू.' बाबा तेव्हा चार्जर शोधत होते. बराच वेळ शोधत होते.

मुंबईला परत आलो, मी लॉग-इन केलं, सोमवार झाला. 'सो स्वीट' म्हणणारीने विचारलं, बोअर झालीस? मी म्हटलं, आईने हौजी जिंकली.

मार्चमध्ये बाबा नेहमीप्रमाणे मेच्या गाडीचं रिझर्व्हेशन करायला बसले. आता साठ दिवस आधीच बुकिंग उघडतं, त्यामुळे सकाळी आठला लॅपटॉपसमोर सगळे सज्ज. आई किचनमधून म्हणाली, 'माझं काढा. पण आधी काकांना फोन करून विचारा, जेवण कोण करणार आहे.'

काकांना प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि मग जे झालं ते मी इथे सगळं लिहिणार नाही, कारण काका हे वाचतात. 'बाहेरच्या बाईच्या हातचं खायचं?' हा मुख्य मुद्दा होता. आई फोन हातात घेऊन म्हणाली, 'भावोजी, बोटीवर रांधणारा कुठला होता तेसुद्धा मला माहीत नाही. चार दिवस खाल्लं आम्ही, काही झालं नाही.' दहा-बारा दिवस दोन्ही घरांत फोन बंद. शेवटी तोडगा काकूने काढला, म्हणजे ती इतके दिवस गप्प होती ती का, ते कळलं. गावातल्याच एका बाईंकडून दुपारचे डबे लावले. रात्रीची फक्त पेज. काकू आणि आई रोज संध्याकाळी चालत समुद्रावर जायच्या. काकूचं माहेर डोंगरातलं, लग्न होऊन चाळीस वर्षं मालवणजवळ, आणि म्हणे दिवेलागणीच्या वेळी समुद्रावर ती त्या आधी गेलेलीच नव्हती.

खरी परीक्षा गणपतीत होती. गणपतीत डबा चालत नाही, सोवळं असतं, आणि चोवीस माणसं. २०२५ चे गणपती ऑगस्टच्या शेवटी आले. मला क्लोजिंगमुळे जाता आलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरून. आईने जाहीर केलं, नैवेद्याचे एकवीस मोदक मी आणि जाऊबाई करू, बाकीचं ज्याला खायचंय त्याने बघावं. पडवीत म्हणे बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग दुपारी फोटो आला. बाबा विळीवर बसलेत, बनियनमध्ये, समोर नारळांचा ढीग, आणि काका मागे सारणात गूळ किती घालायचा म्हणून काकूला विचारतायत. बाबांनी अकरा नारळ खवले. संध्याकाळी दुसरा फोटो आला, बाबांच्या अंगठ्याचा, बॅण्डेड लावलेला. खाली आईने लिहिलं होतं, 'जास्त नाही लागलं. आम्ही समुद्रावर निघालोय.'